निर्मळहून निर्मळला

निर्मळ नांवाचीं गांवें दोन आहेत. एक आमचें, वसईच्या उत्तरेस, केळींच्या व पानवेलींच्या वाड्यांत अजून थोडेंसें गांवपण राखून असलेलें. टेकडीवरील शंकराचार्यांचें समाधिमंदिर, खालचें तळें आणि कार्तिक वद्य एकादशीस भरणारी यात्रा, एवढ्यावरून तें बाहेरच्या लोकांस ठाऊक असतें. दुसरें निर्मळ तेलंगणांत, गोदावरीच्या उत्तरेस आहे. २०१६ पासून तें जिल्ह्याचें ठिकाण झालें असून लांकडी खेळण्यांविषयीं त्याची मोठी ख्याति आहे. हें दुसरें निर्मळ स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें म्हणून मी २०२४ च्या डिसेंबरांत, वयाचीं ७६ वर्षें पुरीं झाल्यावर, एकटी एस. टी. च्या गाड्यांतून निघालें. नकाशा उघडून हें काम झालें नसतें काय, असें वाचकांस वाटेल. मीं ३० वर्षें प्राथमिक शाळेंत भूगोल शिकविला आहे. नकाशांत काय समजतें व काय समजत नाहीं, हें मला थोडेंबहुत ठाऊक आहे.

मूळ गोष्ट १९६६ सालची. मी त्याच वर्षीं या घरांत सून म्हणून आलें होतें. माझें माहेर शेजारच्याच गांवचें. परंतु वडील वारल्यानंतर थोरले बंधु सोलापुरास गिरणींत कारकून होते व आई त्यांच्याजवळ असे. त्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं धाकट्या वन्संचें लग्न निघालें होतें. घरांत २२ माणसें, पाहुणे निराळे, आणि नव्या सुनेच्या हातांस क्षणाची उसंत नाहीं, अशा धांदलींत लग्न पार पडलें. चौथ्या दिवशीं सोलापुराहून तार आली कीं, आई गेली. पुढें बंधु भेटले तेव्हां म्हणाले, "अग, पंधरा दिवस अगोदर मीं कार्ड टाकलें होतें. आईनें तुझ्या नांवाचा सारखा धोसरा घेतला होता. तूं कां आली नाहींस?"

मीं घरीं येऊन सासूबाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, "कार्ड आलें खरें, पण तारेनंतर. तें निजामाच्या मुलखांत दुसरें एक निर्मळ आहे, तिकडे जाऊन आलें. अशुभ वार्तेचें पत्र घरांत ठेवूं नये, म्हणून फाडायला सांगितलें." मी ऐकून घेतलें आणि चुलीपाशीं गेलें. दुसरें निर्मळ! आमच्या आळींत कोणीं तें नांव ऐकलें नव्हतें. मला वाटलें, लग्नाच्या ऐन घाईंत सून माहेरीं जाऊं नये म्हणून कार्ड दडवून ठेविलें असेल, आणि आतां ही कथा रचिली आहे. हा संशय मीं कोणास बोलून दाखविला नाहीं. सासूबाई १९९१ सालीं वारल्या. तोंवर २५ वर्षें आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला, त्यांच्या शेवटच्या दुखण्यांत मींच त्यांची शुश्रूषा केली, आणि लोकांनीं सासूसुनांचें उदाहरण म्हणून आमच्याकडे बोट दाखविलें. पुढें त्या गांवाचें नांव कधींमधीं वर्तमानपत्रांत वाचनांत आलें. तेव्हां मीं मनाशीं म्हटलें, गांव असेल, पण कार्ड तेथें गेलें हें कशावरून?

२०२४ च्या उन्हाळ्यांत जुन्या घराचीं कौलें काढावयाचीं म्हणून माळा रिकामा केला. यजमानांच्या हिशेबाच्या वह्यांच्या ट्रंकेंत, १९६६ च्या वहीमध्यें, तें कार्ड निघालें. तें फाडलेलें नव्हतें. पत्ता बंधूंच्याच अक्षरांत: यजमानांचें नांव आणि खालीं 'मु. पो. निर्मळ', तालुका नाहीं, जिल्हा नाहीं. सोलापूरच्या शिक्क्याशेजारीं दुसरा गोल शिक्का, त्यांत निर्मल व आदिलाबाद हीं इंग्रजी अक्षरें आणि स्पष्ट तारीख. त्याच्या खालीं जांभळ्या पेन्सिलीनें, तिरप्या वळणाच्या मराठींत, कोणीं दोन ओळी लिहिल्या होत्या. या नांवाचें कोणी आमच्या गांवीं नाहीं. मजकुरांत वसई स्टेशनचा उल्लेख आहे, तरी कार्ड तिकडे पाठवावें. आणि आजारी बाईंस ईश्वर आराम देवो, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. खालीं सही नव्हती.

मी तें कार्ड हातांत घेऊन माळ्याच्या शिडीवरच किती वेळ बसलें होतें, तें मला सांगतां येणार नाहीं. ५८ वर्षें मीं एका मेलेल्या बाईवर मनांतल्या मनांत खटला चालविला होता, आणि ती निर्दोष होती.

आतां प्रवासाविषयीं. मी जाणार म्हणतांच घरांत सभा भरली. चिरंजीवांचें म्हणणें, मुंबईहून रात्रीं आगगाडींत बसलें कीं सकाळीं नांदेड. बरोबर नातू येईल. सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही वसईच्या बाजारांत गेलांत तरी आम्ही वाट पाहतों." धाकट्या दिरांनीं मधुमेहाची आठवण करून दिली. सर्वांचें म्हणणें रास्त होतें, आणि मला तें मान्य नव्हतें. नाशिक, औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड हीं शहरें मीं ३० वर्षें फळ्यावरील नकाशांत काठीनें दाखविलीं. त्यांपैकीं एकांतही माझें पाऊल पडलें नव्हतें. रात्रीच्या आगगाडींत तीं सारीं अंधारांतून निघून गेलीं असतीं. शिवाय २६ ऑगस्ट २०२२ पासून आमच्या राज्यांत ७५ वर्षांवरील माणसांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. ही सवलत सरकारनें माझ्यासारखीनें देवळांत जावें म्हणून दिली असेल. परंतु तिकिटावर तसें कांहीं छापलेलें नाहीं. शेवटीं प्रत्येक स्थानकावरून दूरध्वनि करावयाचा, या अटीवर मला परवानगी मिळाली.

दोन साड्या, औषधें, तें कार्ड, आणि सुकेळ्यांचा डबा एवढें सामान घेतलें. सुकेळीं म्हणजे आमच्या भागांतील राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून, केळीच्याच सोपटांत बांधलेलीं. तीं टिकतात, मधुमेह्यानें खाऊं नयेत, आणि अनोळखी माणसाशीं बोलणें सुरू करण्यास त्यांच्यासारखें दुसरें साधन नाहीं.

वसईहून ठाणें, आणि ठाण्याच्या खोपट स्थानकावरून नाशिकची गाडी. वाहकानें आधारकार्ड पाहिलें व यंत्रांतून शून्य रुपयांचें तिकीट काढून हातांत दिलें. आयुष्यांत प्रथमच माझ्या एकटीच्या नांवानें एक तिकीट फाटलें, आणि त्यावर शून्य लिहिलेलें होतें! गाडी कसाऱ्याचा घाट चढूं लागली तेव्हां माझ्या मनांत आलें कीं, आमच्या पंचक्रोशींतील माणसांस हा रस्ता कांहीं नवा नव्हे. निर्मळच्या शेजारचें सोपारें हें प्राचीन बंदर. तेथील स्तूप १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उकलला, तेथेंच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सांपडला. त्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून नाशिक-पैठणाकडे जात असे. दोन हजार वर्षांपूर्वीं बैल हा चढ चढत होते. तेव्हां खिडकीपाशीं बसून जाणाऱ्या म्हातारीनें फार शौर्याचा आव आणण्याचें कारण नव्हतें.

एकट्या स्त्रीनें प्रवास केला असतां तिला सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो, असें कोणीं विचारलें तर मी म्हणेन, "आजी, एकट्याच?" या प्रश्नाचा. तो मला दिवसांतून दहादहा वेळां ऐकावा लागला. परंतु प्रत्येक शहरांत लोक उत्तर स्वतःच तयार ठेवीत असत, आणि तीं उत्तरें निरनिराळीं असत. नाशकास सर्वांनीं मला यात्रेकरू ठरविलें. संभाजीनगरास एका गृहस्थांनीं, जमिनीच्या दाव्यासाठीं उच्च न्यायालयाच्या खंडपीठांत आलांत काय, असें विचारलें. जालन्यास मी लेकीच्या बाळंतपणास चाललें होतें. परभणीस एका बाईनें माझा हात हातांत घेऊन हळूच म्हटलें, "सुनेनं घराबाहेर काढलं का हो?" घरीं आल्यावर हें सूनबाईंना सांगितलें, तेव्हां त्या हंसल्या, पण लगेच नाहीं.

नाशकास गोदावरी प्रथम पाहिली. रामकुंडावरील गर्दींत तिचें पाणी शोधावें लागतें. पुढें येवलें आलें. मागाच्या आवाजाची फार उत्सुकता होती, परंतु स्थानकांत भजीवाल्यांच्या आरोळ्यांपलीकडे कांहीं ऐकूं आलें नाहीं. संभाजीनगरास मात्र मीं मुद्दाम अर्धा दिवस काढला. पाणचक्कीविषयीं मीं कितीतरी पिढ्यांना शिकविलें: दूरच्या टेकडीकडील पाणी मातीच्या नळांतून शहरांत आणून, उंचावरून पाडून, त्यावर जातें फिरविलें. शिकवितांना मला वाटे कीं, मुलांना समजलें. त्या भिंतीखालीं उभें राहून वरून कोसळणारी धार पाहिली, तेव्हां कळलें कीं, मलाच समजलें नव्हतें. पाणी चढावर नेण्यास भिंत तेवढी उंच लागते, ही साधी गोष्ट पुस्तकांतील वीतभर चित्रावरून डोक्यांत शिरत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यांपैकीं आतां कित्येक आजोबा झाले असतील. त्यांची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग नसल्यानें येथें मागतें.

यानंतर जें झालें तें सांगितलें नाहीं तर हा लेख अप्रामाणिक होईल. जालन्याच्या पुढें एका शहरांत (नांव सांगत नाहीं) गाडी बदलावयाची होती. नांदेडची शेवटची गाडी आलीच नाहीं. रात्रीचे साडेनऊ वाजले, दुकानें मिटलीं, आणि घरीं कळवावें म्हणून दूरध्वनि काढला तों तो निर्जीव. थंडी चांगलीच पडली होती. फलाटावर आठदहा माणसें, त्यांत दोघे दारू प्यालेले. त्या वेळीं मला भीति वाटली. घरांत मी कधींच एकटी नव्हतें. रात्रीं कूस बदलली तरी पलीकडच्या खोलींतील कोणाची तरी खोकल्याची उबळ ऐकूं येई. येथें मी नाहींशी झालें असतें तर सकाळपर्यंत कोणास पत्ता लागला नसता. आणि मग एकदम असें मनांत आलें कीं, सोलापुरास माझी आई बिछान्यावर पडून दाराकडे पाहत होती, ती अशीच. चहूंकडे माणसें, पण जें हवें तें येत नाहीं.

तेवढ्यांत मुक्कामी गाडीवरील एक स्त्री-वाहक हिशेब आटोपून बाहेर आली. पंचविशीची, खाकी पोशाख, खांद्यावर पिशवी. "आजी, इथं नका बसूं," म्हणून तिनें मला स्त्री-कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलींत नेलें, दूरध्वनि भरावयास लावला, आणि डबा उघडून भाकरी व ठेचा पुढें केला. मीं सुकेळीं काढलीं. तिचें लहान मूल आईकडे ठेवून ती एक दिवसाआड या खोलींत झोंपते, असें तिनें सांगितलें. "तुम्हांला भ्या नाहीं वाटलं?" असें तिनें विचारलें. मीं तिला उलट तेंच विचारलें. "मला ड्यूटी असती," ती म्हणाली. दूरध्वनि जिवंत झाला तेव्हां घरून आलेल्या हांकांची संख्या ४१ होती. चिरंजीव मोटार काढून निघण्याच्या तयारींत होते. त्यांचा राग मीं निमूटपणें ऐकला, कारण त्यांचें सर्वस्वीं बरोबर होतें. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गाडीनें पुढें गेलें.

नांदेडास मी गुरुद्वाराच्या यात्रिनिवासांत उतरलें. शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंह यांनीं १७०८ सालीं येथें गोदातीरीं देह ठेविला. लंगरच्या पंगतींत माझ्या एका अंगास पंजाबची आजी व दुसऱ्या अंगास ऊसतोडीस निघालेली एक बाई बसली होती. माझ्या सासूबाई परक्या घरीं पाणीसुद्धां घेत नसत. त्या येथें असत्या तर काय करत्या, याचा मीं विचार करीत होतें. आणि वाढप्यानें डाळ वाढली तेव्हां विचार अर्धाच राहिला. भूक फार लागली होती.

भोकरपर्यंत आपलीच गाडी होती. पुढें तेलंगणाच्या गाडींत बसल्यावर भैंशापर्यंत पाट्यांवरील अक्षरें गोल झालीं, परंतु माझ्यामागें बसलेल्या दोघी बायका अस्सल मराठींत कापसाच्या भावाविषयीं भांडत होत्या. त्या राज्यांत डिसेंबर २०२३ पासून तेथील स्त्रियांस बसप्रवास फुकट आहे. त्या दोघींना शून्याचीं तिकिटें मिळालीं; मला मात्र, तेथील रहिवासी नसल्यामुळें, पुरे पैसे मोजावे लागले. प्रवासांत प्रथमच मीं पूर्ण भाडें भरलें, आणि खरें सांगावयाचें तर, त्यामुळें मला बरें वाटलें. या गांवाचें माझ्याकडे कांहीं येणें होतें.

तेलंगणांतील निर्मळ म्हणजे सडका, शाळा, दुकानें, रुग्णालयें असलेलें भरगच्च शहर. जुन्या तटाचे व बुरुजांचे अवशेष शहरांत व भोंवतीं दिसतात. १८५७ नंतरच्या बंडांतील रामजी गोंड व त्याच्या साथीदारांस येथें एका वडावर फांशीं दिलें, अशी सर्वांच्या तोंडीं कथा आहे. खेळणीं करणाऱ्या नकाशी कारागिरांकडेही गेलें. पोनिकी नांवाचें अतिशय हलकें, मऊ लांकूड वाळवून कोरतात, तुकडे चिंचोक्यांच्या खळींत लांकडाचा भुसा कालवून जोडतात, आणि वर रंग देतात. एका कारागिरानें लांकडी फळांची टोपली पुढें ठेविली. तींत आंबा, सीताफळ, मिरची, आणि एक केळें होतें. मीं केळें हातांत घेऊन पाहिलें. आकार सुरेख होता, पण देठाकडील वळण चुकलें होतें. आमच्याकडील पोरही तें सांगेल. मीं डब्यांतून सुकेळें काढून त्यास दिलें. त्यानें तें उलटसुलट करून पाहिलें, हुंगलें, आणि हिंदींत विचारलें, "हें कशाचें बनवलें आहे?"

डाकघरांत गर्दी नव्हती. खिडकीवरील तरुणास मराठी वाचतां येईना, परंतु कार्डावरील जुना शिक्का पाहून तो उठून उभा राहिला व त्यानें आंतल्या दोघांना हांक मारली. रांगेंतील एका वृद्ध गृहस्थांनीं चष्मा लावून त्या दोन ओळी मोठ्यानें वाचल्या. त्यांचे उच्चार निराळे होते. मुधोळ-भैंशाकडे घरोघरीं मराठी चालते व पूर्वीं मराठी लिहिणारे येथेंही पुष्कळ असत, असें ते म्हणाले. अक्षर कोणाचें, हें मात्र त्यांना सांगतां येईना. ५८ वर्षांनंतर कोणास सांगतां येणार? "लिहिणारा गेला असेल, अम्मा," ते म्हणाले. नंतर थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "मग त्या बाईंना आराम पडला का?"

या प्रश्नाची मीं तयारी केली नव्हती. मीं सांगितलें कीं, नाहीं, त्या गेल्या. पण कार्ड पोंचलें. त्यांनीं मान हालविली. मीं खिडकीवर एक नवें कार्ड मागितलें. पन्नास पैशांचें कार्ड अजून मिळतें, आणि त्या तरुणाकडे तें शोधून काढण्याइतका वेळ होता. मीं तेथेंच बांकावर बसून, आगाशीस राहणाऱ्या माझ्या वन्संना, ज्यांच्या लग्नाच्या वेळचा हा सारा प्रकार, त्यांना पत्र लिहिलें. १९६६ पासून माझ्या मनांत त्यांच्या आईविषयीं काय होतें, तें साऱ्या जगानें वाचावें अशा उघड्या कार्डावर लिहिलें. पत्त्यांत तालुका, जिल्हा, राज्य आणि पिनकोडाचे सहाही आंकडे घातले. १९७२ पूर्वीं हे आंकडे नव्हते.

परतीचा प्रवास बासरहून आगगाडीनें केला. तो सांगण्यासारखा नाहीं. बासरास सरस्वतीच्या देवळांत लहान मुलांचा अक्षराभ्यास चालला होता, मुलें पाटीवर पहिलीं अक्षरें गिरवीत होतीं व निम्मीं रडत होतीं. तेथें तासभर बसलें. घरीं सर्वांनीं माझें स्वागत केलें, आणि नातवानें पुढच्या वेळीं मी येतों असें सांगून ठेविलें आहे.

कार्ड माझ्यानंतर चार दिवसांनीं पोंचलें. त्याच संध्याकाळीं वन्सं रिक्षा करून आल्या. त्यांना जिना चढवत नाहीं, म्हणून खालीं ओटीवरच बसल्या. कार्ड त्यांच्या पिशवींत होतें. त्यांनीं तें बाहेर काढलें नाहीं. मीं चहा केला, लांकडी फळांची टोपली त्यांच्यापुढें ठेविली. त्यांनीं सीताफळ उचलून वजन पाहिलें.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आईला ठाऊक होतं, तुझा विश्वास बसला नाहीं तें."

मीं विचारलें, "मग त्या बोलल्या कां नाहींत? कार्ड तर घरांतच होतें."

"दादानं तें फाडलं नाहीं, हें तिला कुठं ठाऊक होतं? तिला वाटे, पुरावा तर आपणच फाडायला लावला; आतां कशाच्या बळावर बोलायचं?" वन्संनीं सीताफळ टोपलींत परत ठेविलें. "एकदां तें गांव पाहून यायला हवं, असं मात्र ती पुष्कळदां म्हणायची. आम्ही सगळे हंसायचों."